ऑपरेशनला घाई नाही, मग ऑफरला का?

नाक सरळ करणं, चष्म्याचा नंबर घालवणं, डोक्यावर केस लावून घेणं, पोटावरची चरबी काढणं. या ऑपरेशनांवर सवलती आणि हप्ते देणाऱ्या क्लिनिकांचा विषय निघाला की वाद ठरलेल्या दोन रुळांवरून धावायला लागतो. एक बाजू म्हणते, हे सगळे नसते लाड. धडधाकट शरीर कापून घ्यायला स्वतःच्या पायांनी जाणाऱ्याला कुणी लुबाडलं तर त्यात रडण्यासारखं काय? दुसरी बाजू म्हणते, माणूस सज्ञान आहे, पैसे त्याचे, शरीर त्याचं, तुम्ही कोण मध्ये बोलणारे? पहिल्या बाजूला रुग्णाची टिंगल करायची असते, दुसरीला त्याला गिऱ्हाईक ठरवून मोकळं व्हायचं असतं. डॉक्टर लोभी की रुग्ण मूर्ख, एवढ्याच प्रश्नावर वाद तासन्‌तास झडतात. ज्या कागदावरून हे सुरू झालं, तो ऑफरचा कागद मात्र कुणी पुढे ओढून वाचत नाही.

तो वाचावा असं मला वाटतं, म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकते. ऑपरेशन स्वस्त असण्याला माझा विरोध नाही. हौसेखातर करून घेण्यालाही नाही. विरोध तीन गोष्टींना आहे: ठरावीक तारखेला संपणारा दर, क्लिनिकनेच टेबलावर सरकवलेलं कर्ज आणि डॉक्टरने नीट तपासण्याआधी घेतलेलं टोकन. ऐच्छिक ऑपरेशन म्हणजे थांबलं तरी चालणारं ऑपरेशन. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला दुसऱ्या डॉक्टरला विचारायला, घरी जाऊन एक रात्र झोपून मग ठरवायला वेळ नसतो. नाक सरळ करून घेणाऱ्याकडे तो मुबलक असतो. क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसलेल्या त्या माणसाच्या हातात खरं तर तेवढा एकच हुकमाचा पत्ता असतो. ऑफर नेमका तोच पत्ता मागून घेते आणि बदल्यात थोडी सूट देते.

मागे एकदा माझ्या मावसबहिणीबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यामुळे तिच्या नाकाचं हाड किंचित कललेलं आहे. आम्हाला ते वर्षानुवर्षं दिसलेलंही नाही, पण तिला आरशात रोज दिसतं, आणि आरसा तिचा आहे. आत गेल्यावर डॉक्टर भेटले नाहीत, काउन्सेलर भेटली. गोड बोलणारी, चटपटीत मुलगी. तिने आधी बहिणीचा बाजूने फोटो काढला, स्क्रीनवर नाक सरळ करून दाखवलं आणि तो फोटो तसाच समोर उघडा ठेवला. मग छापील दरपत्रकातल्या आकड्यावर लाल पेनाने रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला, त्याला गोल केला आणि शेजारी महिनाअखेरची तारीख घातली. तिसऱ्या मिनिटाला महिन्याचा हप्ता किती पडेल ते कॅल्क्युलेटरवर दिसत होतं. त्यानंतर पूर्ण रकमेचा उल्लेख झाला नाही, एकदाही नाही. टोकनचा फॉर्म भरायला समोर आला तेव्हा बहिणीने विचारलं, “आणि मनासारखं नाही झालं तर?” काउन्सेलर हसून म्हणाली, “ताई, रिव्हिजन आपल्याकडेच होतं. त्यावर पण वीस टक्के ऑफ आहे.”

तिला आपण काय बोलून गेलो हे कळलंही नसावं. पहिलं ऑपरेशन फसलं तर दुसऱ्यावर सवलत! डॉक्टर त्यानंतर आले, दोन बोटांनी नाकाचा दांडा चाचपला, “होऊन जाईल” म्हणाले आणि गेले. नाकाच्या ऑपरेशननंतरची सूज पूर्ण ओसरून खरा आकार दिसायला वर्षभर लागू शकतं, आणि म्हणून दुरुस्तीचं ऑपरेशनही सहसा वर्षभर थांबूनच करतात. ही साधी गोष्ट त्या खोलीत कुणी काढली नाही. निकाल दिसायला वर्ष लागेल, पण निर्णय महिनाअखेरीच्या आत हवा.

यावर कुणी म्हणेल, काउन्सेलर काय आणि डॉक्टर काय, माहिती मिळाल्याशी कारण. तसं नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलने सौंदर्योपचारांसाठी २०१६ साली डॉक्टरांना नियम घालून दिले. जो डॉक्टर हात लावणार त्यानेच रुग्णाशी बोलून संमती घ्यायची, ते काम दुसऱ्याकडे सोपवायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. रुग्णाने विचार न करता निर्णय घ्यावा अशा विक्रीच्या युक्त्या वापरायच्या नाहीत आणि उपचार बक्षीस म्हणून द्यायचे नाहीत, हेही आहे. नियमात ‘बक्षीस म्हणून देऊ नका’ असं लिहावं लागतं, याचा अर्थ कुणीतरी देत होतं.

पण माझ्या मते सगळ्यात फसवी सवलत दराची नसतेच. ती असते ‘मोफत सल्ल्या’ची. मोफत म्हटल्यावर आपण खूश होतो. त्या अर्ध्या तासाचं भाडं, पगार, यंत्राची झीज कोण भरतं हे विचारत नाही. ते भरतात ऑपरेशन करून घेणारे. म्हणजे ज्या सल्ल्याचा शेवट ‘करू नका’ असा होतो, तो क्लिनिकच्या हिशेबात निव्वळ तोटा. फी घेऊन तपासणारा डॉक्टर ‘तुम्हाला याची गरज नाही’ म्हणाला तरी त्याचं काम झालेलं असतं, त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. मोफत तपासणाऱ्याला नकार देणं परवडत नाही. आणि ऐच्छिक शस्त्रक्रियेत सर्जनची खरी लायकी त्याने कुणाला परत पाठवलं यावरून ठरते. बुबुळ पातळ असलेल्याचं लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारं लेसर ऑपरेशन, करायचं नसतं, नाहीतर ते पुढे फुगत जाऊन नजर कायमची बिघडू शकते. नंबर अजून बदलतोय त्याला थांबवायचं असतं. ज्याचं सगळं दुःख एका नाकात साठलंय, पण नाक बघावं तर काहीच नाही, त्याला सर्जनआधी मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते, कारण अशांचं समाधान ऑपरेशनने क्वचितच होतं. केसांचं घ्या. डोक्याच्या मागच्या बाजूचे, काढून पुढे लावता येण्याजोगे केस मोजकेच असतात आणि ते आयुष्यभर पुरवायचे असतात. चोविसाव्या वर्षी गळती चालूच असताना ‘एकाच दरात हवे तितके ग्राफ्ट’ (म्हणजे मागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके) अशी ऑफर कुणी दिली, तर तो मुलगा पुढच्या वीस वर्षांची शिल्लक एका दिवसात उडवून येतो. पुढे लावलेली झुलपं तशीच राहतात, मागचं रान उजाड होत जातं. जास्त देणं हेच नुकसान असेल अशी दुकानदारी दुसरीकडे कुठे आहे?

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने १९३४ साली न्यूयॉर्कमधल्या अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी १७४ जणांचे काढायला सांगितले. मग ज्यांना ‘ठीक आहे’ म्हटलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. त्यातून उरलेली ११६ मुलं पुन्हा नव्या डॉक्टरांपुढे नेली, पुन्हा जवळपास निम्म्यांना तोच सल्ला, आणि शेवटी हजारांतली अवघी ६५ मुलं अशी उरली की ज्यांचे टॉन्सिल कुणीच काढायला सांगितले नव्हते. लक्षात घ्या, तिथे लाल रेघ नव्हती, हप्ता नव्हता, महिनाअखेरचं टार्गेट नव्हतं. डॉक्टर लबाडही नव्हते. समोर येणाऱ्या साधारण निम्म्या मुलांना ऑपरेशन लागतंच, अशी समजूत तेवढी होती. प्रामाणिक डॉक्टरचं मतही जिथे इतकं ताणलं जातं, तिथे त्यावर टार्गेटचं वजन लटकवल्यावर ते कुठवर जाईल? मला डॉक्टरांना चोर ठरवायचं नाही. ताणली जाणारी गोष्ट ओढू नये, इतकंच म्हणायचं आहे.

आता समोरच्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. डॉक्टरांनी दर जाहीर करायचे नाहीत, जाहिरात करायची नाही, सवलत द्यायची नाही, या बंधनांचा इतिहास काही फार उदात्त नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने १८४७ च्या आपल्या पहिल्याच आचारसंहितेत जाहिरातबाजी व्यवसायाला कमीपणा आणणारी ठरवली. रुग्णांचं भलं हे कारण होतंच, पण आपापसातली स्पर्धा नको हेही होतं. शेवटी बाजारातली स्पर्धा आणि ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये त्याविरुद्ध कारवाई सुरू केली, १९७९ मध्ये आदेश दिला आणि १९८२ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्याआधी, १९७२ साली, ली बेनहॅम या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की ज्या राज्यांत चष्म्यांच्या जाहिरातीला बंदी होती, तिथे चष्मे महाग होते. जिथे मोकळीक होती, तिथे बरेच स्वस्त. म्हणजे ‘व्यवसायाची प्रतिष्ठा’ म्हणून जे सांगितलं जात होतं, त्याचं बिल चष्मा लागणारा गरीब माणूस भरत होता. हे मी मान्य करते. दर लपवणारा डॉक्टर आणि दर भिंतीवर लावणारा डॉक्टर यांत मी दुसऱ्याकडे जाईन.

पण बेनहॅमचा पुरावा चष्म्याचा आहे. चष्मा नाकावरून काढता येतो, नंबर चुकला तर काच बदलून मिळते आणि दोन दुकानांतला फरक घालून बघितल्यावर कळतो. ऑपरेशनमध्ये यातलं काहीच नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर जो निबंध लिहिला, त्यातला गाभ्याचा विचार हाच होता: इथे विकत घेणाऱ्याला माल आधी तपासून घेता येत नाही आणि विकणाऱ्याला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, म्हणूनच डॉक्टरने विक्रेत्यासारखं वागू नये अशी समाजाची अपेक्षा असते. बरं, तेही बाजूला ठेवू. जाहीर केलेला दर ही माहिती आहे. ती घरी नेता येते, चार ठिकाणी ताडून बघता येते. महिनाअखेर संपणारा दर कुठेच नेता येत नाही. चार ठिकाणी जाऊन येईपर्यंत तो संपतो, आणि त्याने संपावं यासाठीच तर तो तसा केलेला असतो. मोकळ्या स्पर्धेच्या नावाने ज्याची भलामण होते, तो स्पर्धेला खोलीत येऊच देत नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ‘पेनलेस’ पार्कर नावाचा एक दंतवैद्य जत्रेसारखा खेळ मांडून भर रस्त्यात दात उपटायचा. दुखलं तर पाच डॉलर देईन अशी त्याची ऑफर असे. एका दिवसात उपटलेल्या ३५७ दातांची माळ तो गळ्यात घालून मिरवायचा, आणि शेजारी जोरात बँड वाजत असे. ओरडणं ऐकू येऊ नये हा त्या बँडचा उपयोग. जाहिरातीच्या कोपऱ्यात उलटे सेकंद मोजणारं घड्याळ बघितलं की मला तो बँड आठवतो.

गंमत अशी की घाईने केलेल्या खरेदीचा धोका समाजाला कळत नाही असं मुळीच नाही. दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या आग्रहाला बळी पडून हप्त्याने घेतलेली वस्तू चार दिवसांत नाकारायचा हक्क ब्रिटनने १९६४ सालीच दिला. अमेरिकेत दारावरच्या विक्रीसाठी तीन दिवसांचा असा नियम १९७२ मध्ये आला. युरोपात ऑनलाइन मागवलेल्या बऱ्याचशा गोष्टी चौदा दिवसांत परत करता येतात. व्हॅक्यूम क्लीनर घेणाऱ्याला शांत डोक्याने विचार करायला सवड हवी, हे आपण साठ वर्षांपूर्वी मान्य केलं. व्हॅक्यूम क्लीनर निदान परत नेता येतो. कापलेलं परत कुठे नेणार?

हप्त्यांचा मुद्दा वेगळा आहे आणि त्यात समोरची बाजू भावनिकदृष्ट्या माझ्यापेक्षा वरचढ आहे, हे कबूल करायला हवं. ‘हप्ते बंद करा म्हणजे ही ऑपरेशनं फक्त श्रीमंतांची राहतील.’ खरं आहे. स्तनांच्या वजनाने मान आणि पाठ धरलेल्या बाईला, जाड भिंगांशिवाय पायरीही न दिसणाऱ्या माणसाला ‘पैसे साठव, मग ये’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे, आणि सांगणारे बहुधा पैसेवाले असतात. पण कर्ज असावं का आणि कर्ज कोणी, कुठे बसून विकावं, हे दोन प्रश्न आहेत. अमेरिकेत उपचारांसाठीच वापरायचं एक क्रेडिट कार्ड डॉक्टरांच्या आणि दंतवैद्यांच्या दवाखान्यांतच, तिथल्या कर्मचाऱ्यांकडून लोकांच्या गळ्यात पडत असे. बिनव्याजी आहे असं अनेकांना वाटलं होतं. प्रत्यक्षात व्याज पुढे ढकललेलं होतं. मुदतीत सगळी रक्कम फिटली नाही तर पहिल्या दिवसापासूनचं २६.९९ टक्क्यांनी एकदम अंगावर यायचं. २०१३ मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने कंपनीला ३.४१ कोटी डॉलरपर्यंत परतफेडीचा आदेश दिला. त्यात सगळ्यात बोलका भाग मला हा वाटतो की नियम समजावून सांगायचं काम रिसेप्शनवरच्या माणसावर होतं, आणि त्याला ते स्वतःलाच नीट माहीत नसायचं.

शिवाय हप्त्यांनी एक गोष्ट अलगद सरकते. हातातली रक्कम मोजून दिली की निदान पुढच्या तपासण्या, टाके, ड्रेसिंग होईपर्यंत डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात काहीतरी देणंघेणं शिल्लक राहण्याची शक्यता असते. कर्ज कंपनीचं असलं की क्लिनिकला सगळे पैसे एकदम मिळतात आणि रुग्णाचा धनको तिसराच होतो. नाक वाकडं राहिलं तरी हप्ता सरळ जातो. हेच कर्ज त्या माणसाने आपल्या बँकेत जाऊन, दोन दिवस कागदपत्रं गोळा करून काढलं असतं, तर व्याज कदाचित तितकंच पडलं असतं, पण ते दोन दिवस मिळाले असते. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकल बोर्डाने सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना क्रेडिट कार्डापलीकडची कर्जयोजना स्वतः किंवा दुसऱ्यामार्फत पुढे करायला मनाई केली, ती मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. कर्ज घ्यायला बंदी नाही. बंदी आहे ती डॉक्टरच्या टेबलावर ते विकायला.

बरं, सवलत येते तरी कुठून? भूलतज्ज्ञ, चांगलं ऑपरेशन थिएटर, निर्जंतुक केलेली उपकरणं यांचे दर जाहिरात केली म्हणून उतरत नाहीत. मग दोनच वाटा राहतात. एक तर सवलत खरी नसते. लेसिक करणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या साखळीने तीनशे डॉलरच्या आतल्या दराची जाहिरात वर्षानुवर्षं केली. २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने प्रकरण तडीस नेलं तेव्हा दिसलं की तपासणीला आलेल्यांपैकी अवघे ६.५ टक्के लोक दोन्ही डोळ्यांसाठी त्या दराला पात्र ठरत होते. तो दर होता मुळातच कमी नंबर असलेल्यांसाठी, जे चष्म्याशिवायही गाडी चालवू शकतील. ज्याला ऑपरेशनची गरज सगळ्यात कमी, त्यालाच ते स्वस्त! कंपनीने १२.५ लाख डॉलर भरले. दुसरी वाट अशी की सवलत खरी असते आणि ती सर्जनच्या वेळातून काढलेली असते. नितंबांत चरबी भरण्याचं ऑपरेशन घ्या. चरबी चुकून खोलवरच्या मोठ्या शिरांत गेली तर माणूस टेबलावरच दगावतो. २०१७ च्या एका पाहणीत मृत्यूचं प्रमाण साधारण ३,००० त एक असं धरलं गेलं होतं, जे हौसेच्या ऑपरेशनसाठी भयानक आहे. स्वस्त पॅकेजवर चालणाऱ्या केंद्रांत एकेक सर्जन दिवसभर हीच ऑपरेशनं उरकू लागला, तेव्हा अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याला २०२२ मध्ये नियम करावा लागला: एका सर्जनने दिवसाला तीनच. दर कमी करायचा तर संख्या वाढवायची, संख्या वाढवायची तर हात भरभर चालवायचा. ही साधी गिरणीची रीत आहे.

टोकनविषयी थोडक्यात. रक्कम लहान असते म्हणून आपण तिला महत्त्व देत नाही, पण तिचं काम रकमेशी संबंधित नाही. मानसशास्त्रज्ञ अर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. नाट्यगृहाची हंगामभराची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना त्यांनी पूर्ण दराने, काहींना सवलतीत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच; पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे दिलेले लोक जास्त नाटकांना गेले. पैसे गेलेत, आता वसूल केले पाहिजेत. नाटकाच्या बाबतीत फार तर एक संध्याकाळ वाया जाते. इथे मात्र ऑपरेशनच्या आदल्या रात्री मनात शंका आली तर ती त्या टोकनच्या वजनाखाली दबते. ‘इतकं भरलंय, आता काय मागे फिरायचं?’ हे वाक्य ऑपरेशन थिएटरच्या वाटेवर किती जणांच्या मनात येत असेल!

राहिला सज्ञानपणाचा मुद्दा. मी तो हलका मानत नाही. बायकांच्या शरीराबाबतचे निर्णय त्यांच्या ‘भल्यासाठी’ दुसऱ्यांनी घेण्याचा इतिहास फार लांबचा आणि फार ओंगळ आहे. त्या रांगेत मला उभं राहायचं नाही. पण सवड दिल्याने कुणाचा निर्णय हिरावला जातो? फ्रान्समध्ये सौंदर्यशस्त्रक्रियेचा लेखी खर्च हातात दिल्यापासून ऑपरेशनपर्यंत किमान पंधरा दिवस जावे लागतात, आणि त्या काळात सल्ल्याच्या फीखेरीज एक पैसा किंवा कसलंही वचन घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून दोन भेटी आणि संमतीनंतर किमान सात दिवस गेल्याशिवाय तारीखही देता येत नाही, अनामतही घेता येत नाही. पंधराव्या दिवशी ज्याला जायचं तो जातोच. उलट मुदतीची ऑफरच सज्ञान माणसाला लहान मुलासारखं वागवते: आत्ता घे, नाहीतर मिळणार नाही. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या सर ब्रूस किओ यांच्या समितीने २०१३ मध्ये मुदतीच्या आणि एकावर एक फुकट अशा सवलती बंद करा असं सुचवलं, तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्यावर कुणी घाला घातला नव्हता. ती समितीही काही हवेतून आली नव्हती. फ्रान्सच्या एका कंपनीने औद्योगिक वापराचं सिलिकॉन भरलेली स्तनरोपणं जगभर विकली, २०१० मध्ये ती बंद पडली, आणि एकट्या ब्रिटनमध्ये सुमारे ४७,००० बायकांच्या शरीरात ती होती. बिल फाडलं त्या दिवशी प्रकरण संपलं, असं ज्या खासगी क्लिनिकांना वाटत होतं, त्यांच्यापैकी काहींनी ती फुकट बदलून द्यायला नकार दिला. चांगली रोपणंही जन्मभराची नसतात. अधूनमधून तपासावी लागतात, कधीतरी काढावी लागतात. ऑफरच्या कागदावर त्या खर्चाचा रकाना असतो का? मी तरी पाहिलेला नाही.

‘पण रिकामं थिएटर भरायला सवलत दिली तर काय बिघडलं?’ असं एका परिचित सर्जननेच मला विचारलं. मंगळवारी गर्दी नसते, मंगळवारचा दर कमी. काहीच बिघडलं नाही. मंगळवारचा दर कमी ठेवा, भिंतीवर लिहा आणि पुढच्या महिन्यातल्या मंगळवारीही तोच ठेवा. म्हणून आता मी विचारणाऱ्यांना एकच प्रश्न सुचवते. काउन्सेलरला म्हणायचं, “हाच दर तीन आठवड्यांनी मिळेल, असं लिहून द्याल?” दिला तर ती खरी सवलत. नाही दिला, तर त्या लाल रेघेने किंमत कापलेली नाही, तुमचा वेळ कापला आहे.

बहिणीने हा प्रश्न विचारला होता. उत्तर आलं नाही, महिनाअखेर मात्र आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला की केवळ तिच्यासाठी म्हणून वरिष्ठांशी बोलून मुदत वाढवून घेतली आहे. तिने उत्तर दिलं नाही. आता ती फी घेणाऱ्या एका सर्जनकडे जाऊन आली आहे. त्यांनी आतला पडदाही वाकडा असल्याचं दाखवलं, श्वासाचं काय होतं ते विचारलं, बाकी विचार करून पुन्हा या म्हणाले. ऑपरेशन ती करेल, मला वाटतं. अशा थांबण्यात तोटा आहे हे मी नाकारत नाही: महिनाभर, दोन महिने जुनंच नाक घेऊन वावरावं लागतं. गेल्या रविवारी ती घरी आली होती, त्याच नाकाने जोरात शिंकली आणि म्हणाली, “बघ, अजून चालतंय.”